वर बघ

माझ्या उजव्या फुप्फुसात दाताच्या डॉक्टरची एक सुई काही दिवस मुक्कामाला होती, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरतो आणि विचारतो, "म्हणजे गिळली का तुम्ही?" नाही हो, गिळली असती तर बरं झालं असतं. पोट समजूतदार असतं, नको ते पुढे ढकलून मोकळं होतं. ही सुई श्वासाच्या वाटेनं गेली. जन्मभर पोरांना मराठी शिकवलेल्या बाईला 'गिळणं' आणि 'ठसका लागणं' यातला फरक कळायला एक्स-रे काढावा लागला, याचं हसू आलं तर येऊ द्या. मलाही येतं. सुई निघाली, ताप गेला. चढाला थोडी धाप लागते तेवढी सोडली तर मी ठणठणीत आहे. मला बोचतंय ते अक्कांचं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन बेलापूरला आले तेव्हा त्या या घरात चांगल्या मुरलेल्या होत्या. त्यांना मूलबाळ झालं नाही. मला मुलगा झाला आणि माझी बदली कुठल्या कुठल्या खेड्यांत होत राहिली. सकाळी एसटी पकडायची ती दिवेलागणीला परत. तेवढ्या वेळात पोराला न्हाऊ घालणं, भरवणं, त्याची दुखणी काढणं, सगळं अक्कांनी केलं. तो मला आई म्हणतो आणि त्यांना मोठी आई. लहानपणी पडला, खरचटलं, की 'मोठे आई' अशीच हाक यायची. मला वाईट वाटायचं का? वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मस्टरवर सही करायला मीच जात होते आणि पोराच्या अंगाला वेखंड लावायला त्याच होत्या, तेव्हा हाक कुणाला जाणार?

आता आम्हा दोघींचेही नवरे नाहीत. मुलाचं रस्त्यावर खतं-औषधांचं दुकान आहे, सून आहे, बालवाडीत जाणारी नात आहे. मी फटकळ. वर्ग गप्प बसवायची सवय निवृत्त झाले तरी जिभेवरून उतरलेली नाही. अक्का उलट्या. एखादी गोष्ट बोलायची असेल तर त्या दोन दिवस मनात घोळवतात. घरात आम्हाला सगळे चिडवायचे, की एक तोंड उघडं ठेवून बसलीय आणि दुसरी कुलूप लावून.

तर दात. खालच्या बाजूची डावी दाढ ठणकायला लागली. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, अक्कांनी कसलासा पाला आणून दिला तोही चावून झाला. शेवटी पेठेतल्या नव्या डॉक्टरणीकडे गेले. मुलगी जवळच्याच गावची. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आणि घराण्यात शिकून डॉक्टर झालेली ही पहिलीच. ती यायच्या आधी दाताच्या दुखण्यासाठी आम्हाला श्रीरामपूर गाठावं लागे. गावानं तिला पहिल्या दिवसापासून 'दातवाली' करून टाकलं होतं. मला आवडली. हात हलका आणि बोलणं स्वच्छ. मला ती 'बाई' म्हणायची, कारण मी शिकवलेलं नसलं तरी गावात मला सगळेच बाई म्हणतात.

दाढेची नस काढावी लागेल म्हणाली. दाताच्या मुळात बारीक, केसासारख्या सुया घालून आतली घाण खरवडून काढतात. सुईच्या मागे धरायला रंगीत प्लास्टिकचा इवलासा मणी असतो. हे काम करताना तोंडावर रबराचा एक पातळ निळा पडदा ताणून बसवतात, त्यातून तेवढा एकच दात बाहेर डोकावतो. तो पडदा बसवल्याबरोबर माझा जीव घुसमटायला लागला. मी हातानंच खूण केली, काढ.

"बाई, हे तुमच्याच भल्यासाठी आहे," ती म्हणाली. "सुई बारीक असते, निसटली तर घशात जाईल."

"निसटेल कशी? तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. काढ ते आधी."

ती थोडी घुटमळली. माझा आवाज तो तसा. त्या आवाजापुढे शाळा तपासायला येणारे केंद्रप्रमुखसुद्धा नरमायचे, ही तर लेकीच्या वयाची पोर. तिनं पडदा काढला.

अक्का आतच बसल्या होत्या, भिंतीपाशी स्टुलावर. खरं म्हणजे बरोबरच्यांनी बाहेर बसायचं असतं. पण अक्कांनी "मी काय बोलत न्हाई, कोपऱ्यात बसते" म्हटलं आणि डॉक्टरणीनं राहू दिलं. मला दवाखान्याची भीती वाटते हे अक्कांनाच माहीत. माझ्या बाळंतपणातही त्याच उशाशी होत्या.

दुसऱ्या खेपेलाही पडदा लावू दिला नाही, आणि ते घडलं. मी खुर्चीत उताणी, तोंड उघडं, डोळ्यांवर दिव्याचा उजेड. तिच्या हातमोज्याला लाळ लागली असेल, सुई बोटांतून सुटली आणि माझ्या जिभेच्या पार मागे पडली. काहीतरी थंड टोचल्यासारखं झालं आणि मला ठसका लागला. तिनं लगेच खुर्ची उठवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ओरडली, "खाली वाका बाई, तोंड खाली! खाली थुंका!"

मी वाकणारच होते. तेवढ्यात डोक्यावर, टाळूवर थाप पडली.

"वर बघ, धाकटे, वर बघ!"

आपल्याकडे कुणाला ठसका लागला की दुसरं काही सुचतच नाही. पोराला दूध वर आलं, वर बघ. जेवताना भाकरीचा तुकडा अडकला, वर बघ, चिमणी बघ. टाळूवर हलकेच थापटायचं आणि वर बघ म्हणायचं. शाळेत खिचडी खाताना किती पोरांना मी स्वतः वर बघायला लावलं असेल याची गणती नाही. माझ्या आईनं मला सांगितलं, आईला तिच्या आईनं सांगितलं असणार. का वर बघायचं, हे कुणी विचारत नाही. आणि हा तर अक्कांचा हात. त्या हाताची थाप पडली आणि मी काही विचार न करता मान वर केली, छताकडे बघितलं. एक मोठा श्वास आत गेला आणि त्याच्याबरोबर सुई.

मग जो खोकला आला तो विचारू नका. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. डॉक्टरीण पाठीवर थापट्या मारत होती, अक्का पदरानं माझं तोंड पुसत होत्या. काही वेळानं खोकला आपोआप थांबला. अगदी शांत झालं. आणि तिथंच आम्ही फसलो.

"गिळली वाटतं," मी म्हणाले.

डॉक्टरणीनं माझ्या जिभेखाली बघितलं, थुंकायचं भांडं बघितलं, गुडघ्यांवर बसून फरशी बघितली. उठली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, आत्ताच्या आत्ता छातीचा फोटो काढायचा. श्रीरामपूरला जाऊ, मी येते बरोबर."

"छातीचा कशाला? पोटात गेलीय ती. मला कळतंय ना."

"पोटात गेली असेल तर चांगलंच आहे. पण फोटो काढू या. माझं ऐका."

मी ऐकलं नाही. मला घरी जायचं होतं. अक्कांनीही माझीच री ओढली. "गिळलंय तर पडंल सकाळच्याला. आमच्या पोरानं आठ आने गिळले हुते, केळी खाऊ घातली, पडले." आठ आण्यांची ती गोष्ट खरी होती. ते नाणं पोटात गेलं होतं आणि सुई छातीत, एवढाच फरक. पण एकदा तोंडातून 'गिळली' हा शब्द गेला की मग सगळं घर पोटाचाच विचार करतं. मुलाला फोन केला, सुई गिळली. शेजारणीला सांगितलं, सुई गिळली. शब्द चुकीचा निघाला आणि आम्ही सगळे त्याच्या मागून चालत गेलो.

मग केळी. अक्कांनी घड आणवला. सकाळी केळं, दुपारी केळं, रात्री भातात केळं कुस्करून. त्यांचं म्हणणं, केळ्याचा गर सुईला गुंडाळतो आणि आतड्याला टोचू देत नाही. आणि पडली की नाही हे बघायला नको का? आता हे लिहू की नको असं वाटतं, पण लिहिते. अक्का स्वतः वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी एक काडी घेऊन त्यांनी जे तपासलं ते सख्ख्या लेकीनंही तपासलं नसतं. मी लाजेनं अर्धी झाले. "अक्का, पुरे करा हो." तर म्हणायच्या, "गप बस. लहानपनी तुझ्या पोराचं काढलं, आता तुझं काढते. काय नवं हाय त्यात?" आणि बाहेर येऊन मान हलवायच्या. आज नाही. उद्या पडेल.

डॉक्टरीण रोज फोन करत होती. खोकला आहे का, ताप आहे का, फोटो काढला का. मुलगा म्हणायचा, आईला काही होत नाही, तुम्ही काळजी करू नका. आणि खरंच सुरुवातीला काही होत नव्हतं. मग रात्रीचा कोरडा खोकला सुरू झाला. उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ उडत होती, म्हटलं त्याचा असेल. मग अंगात कणकण. मग एका दुपारी डॉक्टरीण दवाखाना बंद करून थेट घरी आली, चप्पलही न काढता मला म्हणाली, "बाई, उठा. गाडीत बसा." पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याच आवाजात माझ्याशी बोललं. मी मुकाट्यानं बसले. अक्काही बसल्या.

श्रीरामपूरला फोटो काढला. तिनं काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. फासळ्यांच्या मागे, उजव्या बाजूला खाली, एक पांढरी बारीक रेघ. सरळ, स्पष्ट, कुणी पट्टीनं आखल्यासारखी. मी बघितलं आणि मला वाटलं, ही माझ्यात नाहीच, फोटोवर ओरखडा पडलाय. अक्का फोटोकडे बघत राहिल्या. परत येताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्या तशाच असतात, मला काही वेगळं वाटलं नाही.

मग नगर. मोठं हॉस्पिटल, छातीचे डॉक्टर, दुर्बीण घालून काढायचं ठरलं. घशातून एक नळी आत सोडतात आणि चिमट्यानं वस्तू पकडतात. पहिल्यांदा ती हाताला लागली नाही, सूज आली होती, पू झाला होता. दुसऱ्यांदा निघाली. दुर्बिणीच्या आधी त्या छातीच्या डॉक्टरांनी माझ्या मानेखाली उशी सरकवली आणि सहज म्हणाले, "मान मागे टाका आजी, हनुवटी वर. म्हणजे श्वासाची वाट सरळ होते, नळी थेट आत जाते."

मान मागे, हनुवटी वर. मला त्याच क्षणी कळलं. पुढे औषधानं गुंगी आली, पण ते कळलेलं काही पुसलं गेलं नाही.

हॉस्पिटलात मी बरेच दिवस होते. आवाज पार बसला होता, घोगरा वारा निघायचा नुसता. ज्या बाईनं आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवला तिला देवानं बरोबर जागी धरलं होतं. डॉक्टरीण बेलापूरहून येत राहिली. मुलगा तिला आत येऊ द्यायचा नाही. ती बाहेर बाकावर बसायची. एकदा तो जेवायला खाली गेला तेव्हा ती आत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, रबर मी काढायलाच नको होतं. तुम्ही कितीही म्हणालात तरी." एवढंच. अक्कांचं नाव तिनं घेतलं नाही. ती डॉक्टर होती, मान वर केल्यावर काय होतं हे तिला माझ्याआधी माहीत होतं. त्या दिवशी खोलीत तिघीच होतो. तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि गप्प राहिली. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

घरी आले तर इथं वेगळंच शिजत होतं. मुलगा घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी धरायला लागतं. त्यानं डॉक्टरणीला धरलं. मोबाईलवरच्या ग्रुपात लिहून झालं होतं, गावभर झालं होतं. दवाखान्यात कुणी फिरकेना. एका संध्याकाळी तो आणि त्याचे तीन-चार मित्र आमच्या पडवीत बसले होते. मी आत पलंगावर. आवाज ऐकू येत होते.

"म्हातारीच्या छातीत सुई सोडती म्हंजे काय?"

"उद्या सकाळी जाऊन बघतोच. एक बी काच ठिवायची न्हाई."

"सामान काढून नेऊ दे तिला आन जाऊ दे जिकडं जायाचं तिकडं."

मुलगा नाही म्हणत नव्हता. मी उठले. भिंतीला धरत पडवीपर्यंत आले. पोरं उठून उभी राहिली, त्यातली दोन तर माझ्या हाताखालून गेलेली. माझ्या अंगात तेव्हा जे आलं ते अजून आठवतं. आवाज निघत नव्हता म्हणून मी अजूनच जोर लावला.

"काचा फोडायच्यात? आधी ऐका. ती पोर खाली वाका, खाली वाका म्हणून बोंबलत होती. तोंडावरचं रबर मी काढायला लावलं, ती नको म्हणत असताना. आणि सुई जिभेवर होती तेव्हा अक्कांनी माझ्या डोक्यावर थापटलं आणि वर बघ म्हणाल्या. मी वर बघितलं म्हणून ती आत गेली. फोटो काढा म्हणून ती रोज सांगत होती, आम्ही केळी खात बसलो. जा, फोडा आता. आमच्याच घराच्या काचा फोडा!"

बोलून झाल्यावर मला अक्का दिसल्या. स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

मुलानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "मोठे आई, खरं हाय का?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "मीच म्हनले."

आणि मग त्यांनी एकेकाच्या हातात कप दिला. पोरांनी चहा घेतला, कप खाली ठेवले आणि चपला घालून निघून गेली. दवाखान्याला कुणी हात लावला नाही. ग्रुपातलं लिहिलेलं मुलानं काढून टाकलं. हळूहळू लोक परत जायला लागले. डॉक्टरीण आता कुणाचंच ऐकत नाही, रबर लावल्याशिवाय सुईला हात लावत नाही. लोक कुरकुरतात, मी मनातून खूश होते. त्या संध्याकाळी बोलले ते खरं बोलले, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी तिला मी एकटी सोडणार नाही. हे एकदा सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला बोलल्याचा पस्तावा आहे. तेवढं सोपं नाही ते.

मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. माझा हट्ट, अक्कांची थाप, आमची केळी. माझ्या मुलाला एकच ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीप्रमाणे माझ्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याच द्यायच्या. मुलगा दाढी करत होता. अर्ध्या साबणानं उठला, त्यांच्या हातातून गोळ्या घेतल्या. "राहू दे मोठे आई, मी देतो." आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. अक्कांनी हात पुसला आणि आत गेल्या.

मग नातीचं जेवण. ती मोठ्या आजीशिवाय जेवायची नाही. सून आधीच ताट घेऊन बसायला लागली. सून वाईट नाही, तिनं मला विचारलंही, "आत्या, तुमाला वाईट वाटत न्हाई ना? पर लहान लेकरू हाय." एकदा रविवारी मुलानं मोबाईलवर कसलासा व्हिडिओ लावला, ठसका लागला की काय करायचं याचा. सगळ्यांना बोलावून दाखवला. पाठीत मारायचं, पुढे वाकवायचं. "बघा, खाली वाकवायचं असतं. वर बघायचं नसतं." चांगलाच होता व्हिडिओ, सगळ्यांना यायला पाहिजे ते. अक्का दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आमाला कुनी शिकवलंच न्हाई रं असलं." त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि दुकानात गेला.

मी त्याच्याशी भांडले. त्याला म्हटलं, "गाढवा, तुला तिनं वाढवलंय. तुझ्या गोवरात ती रात्र रात्र बसलीय, मी नव्हते."

"मी काय बोललो का तिला?" तो म्हणाला. "एक शब्द तरी बोललो का?"

बोलला नव्हता. तेच तर. तोंडाला तोंड दिलं असतं, दोन भांडी आपटली असती, तर अक्का रडल्या असत्या, तो रडला असता, मिटलं असतं. न बोललेलं मिटवायचं कुठून? तो त्यांना औषधं आणतो, गुडघ्याला पट्टा आणला, चष्मा बदलून दिला. हाक मात्र मारत नाही. पूर्वी दुकानातून आला की उंबऱ्यातूनच 'मोठे आई, काय केलंय?' असायचं. आता येतो, हात धुतो, बसतो. चाळिशीच्या पुढचा बाप्या माणूस, पण मला तेव्हा तो परक्या घरी जेवायला बसल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्यांत राग नाही हे मी शपथेवर सांगेन. भीती आहे. आपली आई मरता मरता वाचली आणि ज्या हातानं आपण वाढलो त्याच हातानं ते झालं, हे त्याला कुठे ठेवावं कळत नाही.

मी अक्कांशी बोलायचं टाळत राहिले. मला वाटायचं, त्यांचा माझ्यावर राग असणार. चार पोरांसमोर मी त्यांना उघडं पाडलं. शेवटी या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी आम्ही दोघी अंगणात लिंबाखाली बसून वर्षाचे गहू निवडत होतो. घरात कुणी नव्हतं. मी सूप खाली ठेवलं.

"अक्का, मी त्या दिवशी तुमच्यावर ढकलायला नव्हते बोलले. त्या पोरीचा दवाखाना वाचावा म्हणून बोलले."

"ठावं हाय की."

"मग रागावलाय का माझ्यावर?"

त्यांनी गव्हातला खडा उचलून बाजूला टाकला. नेहमीप्रमाणे उत्तराला वेळ लावला. मी ओठ मिटून बसले, बोलायचं नाही असं ठरवूनच.

"फोटो बघितला तवाच मला कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "डाक्टरणीला बाजूला घेऊन इचारलं बी, माज्या थापटण्यानं झालं का गं? ती न्हाई म्हनली. पर लेकराचं खोटं कळतं आपल्याला. तवापासून जेवन गोड लागंना. त्याला सांगायाचं हुतं. दोनदा त्येच्याजवळ गेले, तोंडच उघडंना. मग त्या दिशी पोरं काच फोडायचं बोलाया लागली. म्हनलं आता न्हाई सांगितलं तर पाप लागंल. चा ठेवला. चा घेऊन जाते आन सांगते, म्हनलं."

"म्हणजे तुम्ही..."

"तेच सांगाया आले हुते, धाकटे. दारात आले, तर तू बोलत हुतीस."

अक्का गहू निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नव्हता.

"तू खरंच बोललीस. त्यात काय चुकलं न्हाई. पर मी सोता सांगितलं असतं, तर त्यो म्हनला असता, जाऊ दे मोठे आई, व्हतं असं. म्हनलाच असता, मी वळखते त्याला." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच खाली सोडला. "आता कसं म्हनंल? त्येच्या लेखी तर मी लपवूनच बसले हुते."

"मी सांगते त्याला. आजच सांगते, की तुम्ही सांगायलाच येत होता."

"नगं," त्या म्हणाल्या. "परत तूच सांगनार व्हय?"

रस्त्यावर त्याच्या गाडीचा आवाज आला. अक्कांनी पुढचं पातेलं माझ्याकडे सरकवलं, जमिनीला हात टेकून उठल्या, आणि तो फाटकातून आत यायच्या आधी मागच्या दारानं स्वयंपाकघरात निघून गेल्या.